दस्तगीरभाईंनी पाहिलेल्या सायकली

दस्तगीरभाईंवर लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. लिहायला बसलो की त्यांची एखादी गमतीची आठवण आधी येते. ती मी हौसेनं लिहून काढतो, आणि पुढं काय लिहावं लागणार हे ध्यानात आलं की कागद बाजूला ठेवतो. आता माझंही वय झालं. त्यांना ओळखणारं जालन्यात कुणी उरलेलं नाही. म्हणून या खेपेला शेवटापर्यंत जायचं ठरवलंय.

गुलाम दस्तगीर हे त्यांचं नाव. निजामी राज्यात बाहेरून येणाऱ्या मालावर सरकार जी जकात घेई तिला करोडगिरी म्हणत. जालना स्टेशनाजवळ करोडगिरीची कचेरी होती, तिथं ते कारकून होते. मी नोकरीला लागलो तेव्हा त्यांची चाळिशी जवळ आली होती आणि माझं नुकतंच लग्न झालं होतं. पुढं अकरा वर्षं आम्ही एकाच टेबलाला समोरासमोर बसलो. मी त्यांना दस्तगीरभाई म्हणायचो, ते मला नारायणराव म्हणायचे. कारभार सगळा उर्दूत. त्यांचं अक्षर इतकं धावतं आणि मोडकं होतं की वरचे साहेब त्यांचा कागद हातात घेतला की मलाच हाक मारत. जालन्यात ते अक्षर भराभर वाचू शकणारा मी एकटाच होतो. या गोष्टीचा मला तेव्हा थोडा अभिमानही वाटायचा.

काळी शेरवानी, लाल रूमी टोपी आणि टोपीच्या कडेत अडकवलेली बोटभर पेन्सिल. डावा पाय जन्मापासून आखूड, त्यामुळं चालताना खांदा एका बाजूला कलायचा. या पायामुळं त्यांना सायकल चालवता येत नव्हती आणि चालवायची इच्छाही नव्हती. पण सायकल बघायचं वेड इतकं, की टेबलावर कितीही काम असो, बाहेरून ओळखीचा नसलेला खडखडाट ऐकू आला की मान वर व्हायची.

"ऐकलं? साखळीत दोन कड्या वेगळ्या आहेत," ते म्हणायचे आणि उठून खिडकीशी जायचे.

कोरी, चकचकीत सायकल असली तर लगेच परत येऊन बसायचे. "नवी गाडी कारखान्याची असती," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "मोडली, कुणीतरी अक्कल चालवून दुरुस्त केली, की मंग माणसाची होती." त्यांना बघायच्या असत त्या अशा माणसांच्या झालेल्या सायकली. कुणी सीटच्या जागी कोरलेला लाकडी ठोकळा बसवलेला, कुणी पुढच्या दांड्यावर पोरीसाठी पाळण्याची खुर्ची बांधलेली, कुणी महायुद्धाच्या काळात रबर मिळेना म्हणून टायरात काथ्याचा दोर ठासलेला. अशी गाडी दिसली की ते मालकाला सलाम करत, परवानगी मागत आणि मग वाकून, बसून, चहूबाजूंनी बघत. कुणाच्या सीटला मात्र कधी हात लावत नसत. मी एकदा लावला तर म्हणाले, "नारायणराव, परक्याच्या उंबऱ्यात विचारल्याशिवाय पाय ठेवता काय? बिलकुल तसंच आहे हे."

बघून झालं की टोपीतली पेन्सिल निघायची. शेरवानीच्या खिशात छोटी वही असायची. चित्र काढता येत नाही म्हणून ते शब्दांत लिहीत. कोणत्या रस्त्यानं आली, किती वाजता, कुणाची, कोणत्या गावची, काय वेगळं होतं. सगळी वहीच सायकलींची, म्हणून पानापानावर 'सायकल' हा शब्द लिहायची त्यांना गरज वाटत नसे. 'बुधवार, सकाळी आठ, अंबड रस्ता' असं काहीतरी आणि खाली दोन ओळी. बस्स.

एकदा सरकी काढायच्या एका कारखान्यात यंत्र बसवायला बाहेरगावचा इंजिनिअर आला. त्याच्या सायकलीला साखळीच नव्हती. पायंडलाची ताकद एका नळीतल्या दांड्यातून मागच्या चाकाला जायची. दस्तगीरभाईंनी ती खिडकीतून पाहिली आणि आयुष्यात एकदाच सरकारी ताकद स्वतःसाठी वापरली. शिपायाला पाठवून त्यांनी ती अडवली. इंजिनिअर घाबरून आत आला. मालावर जकात राहिली की काय, म्हणून खिशातले सगळे कागद त्यानं टेबलावर मांडले.

दस्तगीरभाई त्या कागदांकडे बघतच नव्हते. "मागचं चाक जरा उचलून फिरवता?" त्यांनी अदबीनं विचारलं.

मग अर्धा तास तो इंजिनिअर भर उन्हात चाक फिरवत होता आणि आमचे दस्तगीरभाई शेरवानीसकट मातीत पोटावर पालथे पडून दांडा कसा फिरतो ते बघत होते. शेवटी उठले, कपडे झटकले आणि त्याची माफी मागितली. इंजिनिअर हसला. जाताना म्हणाला, "इतकी वर्षं चालवतो, पण मीही कधी खाली पडून बघितलं नव्हतं." संध्याकाळी वहीत दोनच ओळी आल्या: बिनसाखळीची. आत दांडा.

धावड्याच्या दोन भावांची गोष्टही त्या वहीत होती. आम्ही कामानिमित्त भोकरदनला गेलो होतो, तिथून ते मला धावड्याला घेऊन गेले. त्या भावांची वाटणी झाली होती. शेत वाटलं, बैल वाटले आणि हट्टापायी एकुलती सायकलही वाटली. थोरल्यानं सांगाडा आणि पुढचं चाक घेतलं, धाकट्यानं मागचं चाक, साखळी आणि सीट. थोरल्यानं कुठून तरी लहान पोराच्या गाडीची सीट, साखळी आणि मागचं चाक आणून बसवलं होतं. तिच्यावर बसलं की माणसाचं तोंड आभाळाकडं व्हायचं. दस्तगीरभाई दोघांच्याही घरी गेले, दोघांकडंही ताक प्यायले.

"तुम्हाला हसू येऊन राह्यलं का साहेब?" थोरल्यानं जरा घुश्शात विचारलं.

"न्हाई," दस्तगीरभाई म्हणाले. "मी हे बघून राह्यलो की तुमच्या भावानं मागचं चाक किती चांगलं ठेवलंय. तेल देतो तो रोज."

पुढच्या वर्षी सायकल एक झाल्याचं त्या गावच्या एका माणसाकडून कळलं. मी म्हणालो, हे तुमच्यामुळं झालं. त्यांना ते पटलं नाही. उलट थोडे खट्टू झाले. "ती लहान चाकाची पुन्हा बघायची राहून गेली," म्हणाले.

आणि वडीगोद्रीचा किसन सुतार. त्यानं लढाईच्या दिवसांत अख्खी सायकल लाकडाची केल्याचं बाजारात कानावर आलं आणि दस्तगीरभाईंनी दोन दिवसांची रजा टाकली. मलाही टाकायला लावली. अंबडपर्यंत मोटारीनं, पुढं बैलगाडीनं गेलो. किसन बाभळीच्या सालपटांत बसला होता. गाडी बाहेर काढताना लाजला.

"चालती, पर वळत न्हाई," तो म्हणाला.

"मंग वळायचं असलं तर?"

"उतरायचं. उचलायची. तोंड फिरवायचं. पुन्हा बसायचं."

दस्तगीरभाईंनी हे अतिशय गंभीरपणानं ऐकून घेतलं. चाकाचे आरे मोजले, जोड तपासले. मग विचारलं, "दुसरी कराल काय?"

"करून राह्यलो. तिला वळवणार."

परतीच्या वाटेवर, गाडी खड्ड्यांतून उडत असताना ते वहीत लिहीत होते: किसन सुतार, वडीगोद्री. लाकडी. एक तयार. दुसरी बनवतोय. नारायणराव साथ होते.

मी हटकलं, "माझं नाव कशाला?"

"दोघांनी बघितलं की खरं वाटतं," ते म्हणाले. "माझ्या एकट्याच्या सांगण्यावर कोण विश्वास ठेवील?"

इथवर मी याआधीही लिहिलं आहे. पुढचं लिहिलेलं नाही.

अठ्ठेचाळीस साल उजाडलं तेव्हा गावातली हवा बदलली होती. रझाकारांची दहशत होती, माझ्यासारखे लोक अंधार पडायच्या आत घर गाठत. दस्तगीरभाई मला घराच्या गल्लीपर्यंत सोडायला यायचे. मी नको म्हणायचो. त्यांना आखूड पायानं तेवढंच परत चालत जावं लागे. पण ते रोज यायचे, आणि वाटेत एखादी गाडी दिसली तर थांबून बघायचेही. त्यांचा रझाकारांशी काडीचा संबंध नव्हता हे मला जितकं माहीत होतं तितकं दुसऱ्या कुणालाही माहीत नव्हतं.

सप्टेंबरात हिंदुस्थान सरकारची फौज आली आणि राज्य संपलं. आम्ही सुटकेचा श्वास घेतला. मग बाजू उलटली. आता भीती दस्तगीरभाईंसारख्यांच्या गल्ल्यांत शिरली. कुणीही कुणाचंही नाव सांगावं आणि माणूस उचलला जावा असे ते आठवडे होते. कुणीतरी सांगितलं, करोडगिरीचा लंगडा कारकून रस्त्यावर उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्यांची नावं लिहून घ्यायचा. त्यांच्या घराची झडती झाली, त्यांनाही उचललं. पत्र्याच्या पेटीत सात वह्या सापडल्या, उर्दूत लिहिलेल्या. नावं, गावं, रस्ते, वेळा.

दुपारी मला बोलावणं आलं. एका इमारतीत चौकशीची तात्पुरती जागा केली होती. आत टेबलामागं एक अधिकारी बसला होता. बाहेरचा, पण मराठी बोलणारा. टेबलावर त्या वह्या होत्या. मी त्या लगेच ओळखल्या. एकीच्या पाठीवर माझ्याच हातून सांडलेल्या शाईचा डाग होता.

"हे अक्षर तुम्हाला लागतं म्हणतात."

"होय."

"याच्याबरोबर काम केलंत. दोस्ती होती?"

त्या आठवड्यात आमच्या कचेरीतले दोघे जण आत होते. करोडगिरीचा नोकर म्हणजे निजामाचा माणूस, एवढंच पुरत होतं. माझ्या घरी बायको आणि दोन मुली होत्या. हे मी कारण म्हणून लिहीत नाही. तेव्हा मनात होतं, म्हणून लिहितो.

"कामापुरती ओळख," मी म्हणालो.

"वाचा."

मी वाचायला लागलो. बुधवार, सकाळी आठ, अंबड रस्ता. बिनसाखळीची. आत दांडा. अधिकाऱ्यानं थांबवलं. "बिनसाखळीची काय?"

"एवढंच लिहिलंय."

पुढं वाचलं. धावडा. दोन भाऊ. पुढचं एकाकडे, मागचं दुसऱ्याकडे. दोघांचं मिळून एक. अधिकाऱ्यानं शेजारच्या माणसाकडं पाहिलं. मग वडीगोद्री आलं. किसन सुतार. लाकडी. एक तयार. दुसरी बनवतोय.

"बंदुकीचा दस्ता लाकडी असतो," शेजारचा म्हणाला.

तिथं मला बोलायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. साहेब, या सायकली आहेत, हा माणूस सायकली बघत हिंडतो, मी स्वतः त्याच्याबरोबर होतो. कदाचित ते हसले असते. कदाचित मलाही ठेवून घेतलं असतं. मी पान उलटलं.

'नारायणराव साथ होते' असं त्या पानांत चार ठिकाणी होतं. चारही ठिकाणी मी तेवढे शब्द सोडले आणि पुढचा शब्द उचलला. वाचताना अडखळलोसुद्धा नाही. माझा आवाज इतका सरळ कसा राहिला याचं मला अजून नवल वाटतं.

"हा हे सगळं कशासाठी लिहीत होता?" शेवटी अधिकाऱ्यानं विचारलं.

"मला काय माहीत," मी म्हणालो.

मला सोडलं. मी मागच्या दारानं बाहेर आलो आणि कुठंही न बघता घरी गेलो. बायकोनं ताट वाढलं, मी जेवलो. सगळं जेवलो.

वडीगोद्रीला जाऊन बघायला कुणालाच सवड नव्हती. दस्तगीरभाई दहा महिने आत होते. मी नव्या सरकारच्या कचेरीत कामाला लागलो होतो. त्यांचं घर जुन्या जालन्यात, माझ्या वाटेपासून फार तर दोन गल्ल्या आत. भाभी एकट्या होत्या, मूलबाळ नव्हतं. ईदेला न चुकता आमच्याकडं शिरखुर्म्याचा डबा पाठवणारी ती बाई. दहा महिन्यांत मी एकदाही तिकडं गेलो नाही. वाट बदलली.

ते सुटले तेही कशासाठी धरलं होतं हे न सांगताच. सुटल्याचं कळल्यावर पंधरा दिवस मी स्वतःशी बोललो आणि मग गेलो. काय बोलायचं ते पाठ केलं होतं. दाढी पांढरी झाली होती. खाटेवर बसले होते, मला बघून उठायला लागले. पाय आणखी कामातून गेल्यासारखा वाटला. भाभींनी आतून चहा पाठवला. मी कप हातात धरून म्हणालो, "दस्तगीरभाई, त्या दिवशी मला..."

"मी तिथंच होतो," ते म्हणाले. "शेजारच्या खोलीत बसवल्तं. मधे नुसती बांबूच्या तट्ट्याची भिंत होती. सगळं ऐकू येत होतं."

मी कप खाली ठेवला.

"बराबर वाचलं तुम्ही. माझं अक्षर असं, पण एक हर्फ चुकला न्हाई. तुमचं नाव तेवढं गाळलं. ते लई चांगलं केलं, नारायणराव. पहिलं पान वाचायला घेतलं तेव्हापासून मला तीच धास्ती होती. म्हटलं, हा सरळ माणूस, वाचून टाकतो का काय. वडीगोद्रीच्या पानापाशी तर माझा जीव थांबल्ता."

पाठ केलेलं मला काहीच आठवेना. त्यांनी मला रागवावं म्हणून मी तिथं गेलो होतो, हे मला तेव्हा कळलं. त्यांना राग आलेलाच नव्हता. मी त्यांना वाचवलं नाही ही गोष्ट त्यांच्या हिशेबातच नव्हती. मी वाचलो एवढंच त्यांनी त्या खोलीत बसून ऐकलं होतं.

"एक काम सांगू?" निघताना ते म्हणाले. "वह्या तिथंच राह्यल्या. मिळाल्या तर बघा. न्हाई मिळाल्या तर जाऊ द्या, खटपट करू नका."

मी मिळवतो म्हणालो. दुसऱ्या दिवशी त्या कचेरीच्या फाटकापर्यंत गेलोही. पहारेकऱ्यानं विचारलं, काय काम आहे. मी म्हणालो, काही नाही, आणि परत फिरलो. आत गेलो असतो तर विचारलं असतं, तुमचा त्या माणसाशी काय संबंध. आता कुणी कुणाला धरत नव्हतं. धोका उरलेला नव्हता. तरीही मी परत फिरलो. आठ दिवसांनी त्यांना सांगितलं, "वह्या तिथं नाहीत म्हणाले. औरंगाबादेला गेल्या."

"असू द्या," ते म्हणाले. "तुम्हाला तकलीफ झाली."

त्यानंतर काही महिन्यांनी ते कायमचे हैद्राबादला निघाले. भाभींचे भाऊ न्यायला आले होते. मला निरोप नव्हता. स्टेशनावरच्या एका हमालाकडून कळलं आणि मी गेलो. गाडी लागलेली होती. डब्यात दोन वळकट्या, एक पत्र्याची पेटी, खिडकीशी भाभी. दस्तगीरभाईंनी मला बघितलं आणि सरकून जागा केली.

"हे नारायणराव," ते मेहुण्याला म्हणाले. "माझे दोस्त. अकरा साल एका टेबलाला बसलो."

मेहुणा सभ्य माणूस होता. त्यानं उठून दोन्ही हातांनी माझा हात धरला. मी त्याला काहीतरी म्हणायला हवं होतं. दस्तगीरभाईंनी माझ्या मुलींची चौकशी केली. धाकटीचा खोकला गेला का, विचारलं. तिला खोकला असतो हे त्यांच्या लक्षात होतं. मी हो म्हणालो. शिट्टी झाली तशी मी खाली उतरलो.

गाडी हलली. मी फलाटावर उभा होतो. खिडकीतून ते हात हलवत नव्हते. मेहुण्याकडं तोंड करून, बोट माझ्या दिशेला करून, ते त्याला काहीतरी सांगत होते, आणि मेहुणा माझ्याकडं बघून कौतुकानं मान हलवत होता. डबा पुढं गेला तरी त्यांचं सांगणं चाललंच होतं. काय सांगत होते ते मला ऐकू आलं नाही. चांगलंच सांगत असणार. तेच मला अजून सहन होत नाही.